उजव्या सीटवरचा गुरू

भारतीय वायुदलात दुसऱ्याला विमान चालवायला शिकवण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याला 'क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर' म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसते 'क्यूएफआय'. नागरी फ्लाइंग क्लबात किंवा उड्डाण अकादमीत हेच काम करणाऱ्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, दिलेले 'फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग' असावे लागते. काम दोन्हीकडे एकच: ज्याने कधी विमानाची दांडी धरलेली नाही, त्याला एक दिवस एकटे आकाशात सोडता येईल असे तयार करायचे. पण वायुदलाचा कागद नागरी क्षेत्रात जसाच्या तसा चालत नाही. वीस वर्षे कॅडेट घडवलेला विंग कमांडरसुद्धा निवृत्तीनंतर लगेच क्लबाच्या छोट्या विमानात विद्यार्थ्याशेजारी बसून शिकवू शकत नाही. त्याआधी त्याला नागरी परवाना काढावा लागतो आणि त्या परवान्यावर प्रशिक्षकाचे रेटिंग चढवून घ्यावे लागते.

हा प्रवास समजून घ्यायला माहूरसारखी जागा सोयीची आहे. माहूर नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठाला. गावात विमानतळ नाही, पण हवाई अंतर मोजले तर देशातील लष्करी आणि नागरी उड्डाण प्रशिक्षणाची काही मोठी ठिकाणे भोवतीच सापडतात. दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर हैदराबादजवळचे दुंडिगल आहे. तिथे वायुदलाची अकादमी आहे आणि वायुदलाचे भावी वैमानिक तिथेच पहिले धडे घेतात. दक्षिणेलाच, किंचित पश्चिमेकडे, बिदरचा वायुदल तळ. उदगीर आणि देगलूर या तालुक्यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात लढाऊ शाखेच्या वैमानिकांना हॉक जेटवर शिकवले जाते, आणि सूर्यकिरण हे कसरती विमानपथक १९९६ मध्ये बिदरलाच उभे राहिले. त्या पथकात उडणारे वैमानिक क्यूएफआयच असतात, ही गोष्ट कसरती पाहणाऱ्या गर्दीला सहसा माहीत नसते. उत्तरेला जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अमरावतीचे बेलोरा विमानतळ आहे. एअर इंडियाने आपल्या नागरी प्रशिक्षण संस्थेसाठी हीच जागा निवडली आणि तिच्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली. त्याहून लांब गोंदियाजवळचे बिरसी, शिरपूर, धुळे, जळगाव, बारामती आणि सीमेपलीकडचे कलबुर्गी.

जुना धागाही याच भूभागातला. निजामाच्या राजवटीत माहूर, नांदेड, लातूर हे सारे हैदराबाद संस्थानात होते. दुसऱ्या महायुद्धात त्याच संस्थानातील बेगमपेठच्या विमानतळावर प्राथमिक उड्डाण शाळा उघडली गेली आणि भारतीय वायुदलाच्या त्या काळच्या वैमानिकांनी तिथे हात साफ केला. नागरी क्लबांची परंपरा याहून थोडी आधीची. मुंबईच्या जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना तिथून वैमानिकाचा परवाना मिळाला.

क्यूएफआय होणे ही वायुदलातही सोपी गोष्ट नाही. काही वर्षे स्क्वाड्रनमध्ये उडलेल्या वैमानिकांतून निवड होते आणि त्यांना चेन्नईजवळच्या तांबरमला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमध्ये पाठवले जाते. ही शाळा १९४८ मध्ये अंबाल्याला निघाली आणि १९५४ मध्ये तांबरमला आली. नौदल, भूदल, तटरक्षक दल आणि मित्रदेशांचे वैमानिकही तिथे शिकवायला शिकतात. अभ्यासक्रम साधारण सहा महिन्यांचा. तिथून बाहेर पडणाऱ्याला सुरुवातीचा 'सी' दर्जा मिळतो. पुढे शिकवण्याचे तास वाढतील आणि परीक्षा होतील तसा 'बी', मग 'ए-टू' आणि मोजक्यांना 'ए-वन'. वायुदलाचे एअरक्रू एक्झामिनिंग बोर्ड तळातळांवर जाऊन या प्रशिक्षकांचीच तपासणी करते. म्हणजे शिकवणाऱ्याला आयुष्यभर कोणीतरी तपासत असते, ही शिस्त त्याच्या अंगात मुरलेली असते.

नागरी बाजूला याची दखल घेणारी तरतूद आहे. भारतात वैमानिकांचे परवाने 'विमान नियम, १९३७' यांच्या आधारे दिले जातात. या नियमांमागचा मूळ कायदा १९३४ चा होता. त्याच्या जागी 'भारतीय वायुयान अधिनियम, २०२४' आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नियमांतील ४१ व्या नियमात असे म्हटले आहे की वायुदल, नौदल किंवा भूदलाच्या पात्र वैमानिकाने आपला उड्डाणाचा अनुभव, कौशल्य आणि शारीरिक योग्यता समाधानकारक पुराव्याने दाखवली, तर महासंचालक त्याला उड्डाण चाचण्या, वैद्यकीय तपासणी किंवा तांत्रिक परीक्षा यांतील काही किंवा सर्व बाबींतून सूट देऊ शकतात. या वाक्यातले 'देऊ शकतात' हे शब्द नीट वाचले पाहिजेत. सूट हा हक्क नव्हे. ती पुराव्यावर अवलंबून असते, आणि पुरावा गोळा करण्याचे काम अर्जदाराचे.

पुराव्याचा पहिला तुकडा म्हणजे लॉगबुक. वायुदलातला प्रत्येक वैमानिक आपली प्रत्येक सॉर्टी, म्हणजे प्रत्येक उड्डाण, त्यात नोंदवतो: तारीख, विमान, सोबत कोण, दिवस की रात्र, किती वेळ, कसला सराव. वरिष्ठांच्या सह्यांनी या नोंदी पक्क्या होतात. नागरी अर्जासाठी हेच तास वायुदलाच्या मुख्यालयाकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात, आणि ते नागरी रकान्यांत मांडून दाखवावे लागतात. इथे बरीच डोकेफोड होते. नागरी नियमांत उड्डाणाचा वेळ विमान उड्डाणासाठी जागचे हलल्यापासून परत येऊन थांबेपर्यंत मोजतात. टॅक्सी करत धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही त्यात येतो. लष्करी पद्धत सगळीकडे अशी नसते. अमेरिकी वायुदलात, उदाहरणार्थ, मोजणी सुरू होते ती विमान उड्डाणासाठी धावू लागल्यावर. शिवाय लढाऊ विमानातली एक सॉर्टी तासाभराची किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे तीन हजार सॉर्ट्या मारलेल्या माणसाचे नागरी भाषेतले तास एखाद्या प्रवासी विमानाच्या सहवैमानिकापेक्षा कमी भरू शकतात. अनुभव लहान आहे असा त्याचा अर्थ नव्हे. हा मोजपट्टीतला फरक आहे.

पुढचा भाग परवान्याचा. प्रशिक्षकाचे रेटिंग हवेत लटकत नाही; ते व्यावसायिक वैमानिक परवान्यावर, म्हणजे सीपीएलवर, किंवा त्याहून वरच्या परवान्यावर चढते. सीपीएलसाठी वय किमान १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि विमानाचे किमान २०० तास, त्यांतले १०० तास मुख्य वैमानिक म्हणून. हे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले असावेत अशी अट आहे. क्यूएफआयला २०० तास म्हणजे किरकोळ बाब. पण पाच वर्षांची अट मात्र काहींना अडते. वरच्या हुद्द्यावर गेलेला अधिकारी बऱ्याचदा टेबलामागे बसलेला असतो. त्याच्या लॉगबुकात हजारो तास असतात, पण ताजे थोडे. म्हणून ज्यांना निवृत्तीनंतर शिकवायचे आहे, ते उडत्या नेमणुकीवर असतानाच कागदपत्रांची तयारी सुरू करतात. हे शहाणपणाचे आहे.

परीक्षांत सगळ्यांना भेटणारा विषय म्हणजे एअर रेग्युलेशन्स, हवाई कायदा. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. लढाऊ वैमानिकाला हवामानशास्त्र कोणी शिकवायला नको, दिशाज्ञान तर नकोच. पण नागरी कायदा हा त्याच्यासाठी खरोखर नवा प्रांत असतो. वायुदलात हवाई क्षेत्र बऱ्याच अंशी आपले असते, आणि तळावरचा नियंत्रक आपल्याच गणवेशातला. नागरी आकाशात त्याच्या छोट्या विमानाच्या मागे प्रवासी जेट उतरायला येत असते, पुढे हेलिकॉप्टर असते, आणि कोणाला आधी जागा द्यायची हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनी ठरते. उड्डाण आराखडा कधी आणि कुठे भरायचा, कोणत्या हवेत नजरेच्या आधारे उडता येते आणि कधी नाही, वैमानिकाने सलग किती वेळ कामावर राहायचे, हे सारे त्याला पुन्हा वाचावे लागते. आणि पुढे हेच त्याला शिकवायचे आहे, म्हणून नुसते पास होण्यापुरते वाचून भागत नाही.

रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. रेडिओ टेलिफोनीची ही परीक्षा वर्षानुवर्षे दूरसंचार खाते घेत असे. नव्या अधिनियमाने ते काम डीजीसीएकडे आले. वैमानिकी व्यवसायात इंग्रजी बोलण्याची पातळीही तपासली जाते, त्यात किमान चौथी पातळी लागते. वैद्यकीय तपासणीत एक गंमत आहे. लष्करी वैमानिकाची योग्यता 'ए-वन जी-वन' अशा श्रेणीने सांगतात, नागरी व्यावसायिक वैमानिकाला 'क्लास वन' प्रमाणपत्र लागते. नावे निराळी, पण बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचे वायुदल केंद्रीय वैद्यकीय केंद्र या वायुदलाच्याच संस्था नागरी वैमानिकांनाही वर्षानुवर्षे तपासत आल्या आहेत. त्यामुळे अनेक क्यूएफआय नागरी तपासणीसाठी त्याच इमारतीत जातात, जिथे ते कॅडेट असताना गेले होते.

कागद पूर्ण झाले तरी एक अडचण उरते, ती विमानाची. सध्या वायुदलात नवशिक्याला पिलाटस पीसी-सेव्हन मार्क टू या विमानावर बसवतात. ते २०१३ पासून सेवेत आहे. त्याला ७०० अश्वशक्तीचे टर्बोप्रॉप इंजिन आहे, आणि विद्यार्थी पुढे व प्रशिक्षक मागे अशी एकामागे एक आसने आहेत. क्लबातल्या सेस्ना १५२ ला ११० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन असते, आणि दोघे खांद्याला खांदा लावून बसतात. विद्यार्थी डावीकडे, प्रशिक्षक उजवीकडे. ज्यांनी एचपीटी-३२ दीपकवर शिकवले, त्या जुन्या पिढीला हे नवे नाही. ते विमानही पिस्टनचे होते आणि त्यातही दोघे शेजारी बसत. पण दीपक २००९ मध्ये थांबले, आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रशिक्षकांचा हात टर्बोप्रॉप आणि जेटवरच बसला. त्यांना इंधन-हवेचे मिश्रण हाताने पातळ करणे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणे, उड्डाणाआधी दोन्ही मॅग्नेटो तपासणे, ही रोजची कामे नव्याने अंगवळणी पाडावी लागतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक हिशेबात दिसतो. नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाणित तापमान साधारण साडेबारा अंश धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, तर फरक साडेएकोणतीस अंशांचा. वैमानिकांच्या ढोबळ हिशेबात दर अंशाला १२० फूट धरले, तर हवा सुमारे साडेतीन हजार फुटांनी विरळ झाली असे समजायचे. म्हणजे विमान उभे नांदेडला आहे, पण त्याच्या पंखांना आणि इंजिनाला जणू ४,८०० फुटांच्या डोंगरावर उभे असल्यासारखे वाटते. ७०० अश्वशक्तीच्या विमानात हा फरक पोटात घालता येतो. ११० अश्वशक्तीच्या विमानात दोन माणसे आणि भरलेली टाकी असेल, तर धावपट्टी अपुरी वाटू लागते आणि चढण मंदावते. जेटच्या सवयीने विमानाचे नाक जास्त वर धरले तर वेग पडतो. म्हणून वायुदलातून आलेल्या प्रशिक्षकाला क्लबाच्या विमानावर आधी स्वतः उडून, अवघ्या ६५ नॉटने उतरण्याचा संथपणा अंगी बाणवून, मगच शिकवायला बसणे भाग आहे. चांगले प्रशिक्षक हे आनंदाने करतात. दोन-तीन दिवस ते स्वतः विद्यार्थी होतात.

आता मुख्य गोष्ट, शिकवण्याची. भारतात प्रशिक्षकाचे रेटिंग दोन पायऱ्यांचे आहे: सहायक फ्लाइट इन्स्ट्रक्टर आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टर. सहायकाने पूर्ण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायचे. साध्या नागरी मार्गाने येणारा तरुण खालच्या पायरीवर सुरुवात करतो, तास जमवतो आणि वर जातो. क्यूएफआयकडे शिकवण्याचा दर्जा आणि शिकवण्याचे तास दोन्ही आधीच असतात. तेच त्याच्या अर्जातले सर्वांत वजनदार पान. त्याच्या लॉगबुकात 'प्रशिक्षक म्हणून' असा रकाना भरलेला असतो, आणि नवख्या अर्जदाराकडे नेमके तेच नसते.

या तासांत नेमके काय साठलेले असते, ते 'पॅटर' या एका शब्दात सांगता येते. हातांनी विमान चालवत असताना तोंडाने त्याच क्षणी, त्याच वेगाने, विद्यार्थ्याला कळेल अशा शब्दांत काय होते आहे ते बोलत राहणे म्हणजे पॅटर. तांबरमला हा शब्द उठताबसता ऐकू येतो, आणि नागरी प्रशिक्षकाच्या परीक्षेतही परीक्षक विद्यार्थ्याची भूमिका घेऊन अर्जदाराचा पॅटरच ऐकतो. स्टॉलचा धडा घ्या. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंखांवरची हवा उचलेनाशी होणे. प्रशिक्षक उंचीवर जातो, आजूबाजूला आणि खाली दुसरे विमान नाही ना हे वळून बघतो, आणि बोलू लागतो. पॉवर कमी करतो आहे. उंची टिकवण्यासाठी दांडी हळूहळू मागे घेतो आहे. वेग उतरतोय, बघ. दांडी आता सैल, ढिली लागते आहे ना? हॉर्न वाजायला लागला. आता पंख थरथरतात, हाताला जाणवते. नाक आपोआप खाली गेले. आता दांडी पुढे, पूर्ण पॉवर, पंख समतल, आणि हलकेच वर. हे सगळे अर्ध्या मिनिटात होते, आणि शब्द व हालचाल यांत एका सेकंदाचाही फरक पडला तर विद्यार्थ्याला कारण आणि परिणाम उलटे कळतात. प्रत्यक्षात हे इंग्रजीत बोलले जाते. हे कसब पुस्तकातून येत नाही. शेकडो वेळा चुकीच्या हातांना दुरुस्त केल्यावर येते, आणि क्यूएफआय ते बरोबर घेऊन येतो.

काही गोष्टी मात्र त्याला मागे ठेवाव्या लागतात. वायुदलात स्पिन (विमानाचे गरगरत खाली येणे), कसरती आणि फॉर्मेशन हे अभ्यासक्रमाचे अंग आहेत. नागरी सीपीएलच्या विद्यार्थ्याला स्पिन कसा सुरू होतो ते ओळखून वेळीच बाहेर पडायला शिकवतात; त्याला उलटे उडवण्याची गरज नाही, आणि क्लबाची बहुतेक विमाने त्यासाठी बनवलेलीही नाहीत. शिकवण्यातला धाकही बदलतो. अकादमीतला कॅडेट निवडून आलेला असतो. ठरलेल्या तासांत जमले नाही, तर त्याला उड्डाण शाखेतून बाहेर काढतात. सरकार खर्च करते, म्हणून सरकार गाळणी लावते. नागरी विद्यार्थी स्वतःच्या, बहुतेकदा आईवडिलांच्या पैशाने आलेला असतो. भारतात सीपीएलचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. किनवट-माहूरकडच्या एखाद्या घराने त्यासाठी शेत गहाण ठेवले असेल किंवा बँकेचे कर्ज काढले असेल, तर वाया गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत त्या घराला कळते. मंद गतीने शिकणाऱ्याला गाळून टाकायचे की त्याच्या वेगाने पुढे न्यायचे, हा निर्णय नागरी प्रशिक्षकाला वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. पण सुरक्षिततेच्या बाबतीत सूट देता येत नाही. पैसे भरले आहेत म्हणून सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायचे, असे कधीच होता कामा नये. आणि तिथे वायुदलात मुरलेली शिस्त विद्यार्थ्याच्या उपयोगाची ठरते.

अमेरिकेत ही वाट कशी आखली आहे ते पाहिले की भारतीय पद्धतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. तिथल्या संघीय विमान नियमांतील ६१.७३ क्रमांकाचे कलम लष्करी वैमानिकांसाठीच आहे. अमेरिकी सैन्यदलांच्या प्रशिक्षक-वैमानिकाने आपला लष्करी अभ्यासक्रम आणि प्रशिक्षक म्हणून झालेली तपासणी यांची अधिकृत कागदपत्रे दाखवली आणि 'मिलिटरी कॉम्पिटन्स इन्स्ट्रक्टर' ही लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, की उड्डाणाची वेगळी परीक्षा न देता त्याला नागरी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळते. लष्करात तपासले गेलेले कौशल्य नागरी खाते पुन्हा तपासत नाही; तपासते ते फक्त ज्ञान, लेखी परीक्षेने. ही सवलत अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षकांसाठी आहे. भारतीय वायुदलातून निवृत्त होऊन मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या क्यूएफआयला तिथे शिकवायचे असेल, तर त्याला नागरी वाटेने सर्व पायऱ्या चढाव्या लागतात. भारतात निर्णय प्रत्येक प्रकरणात पुरावा बघून होतो. अमेरिकी पद्धत अर्जदाराला आधीच सांगते की काय केले म्हणजे काय मिळेल. भारतातही क्यूएफआयच्या प्रत्येक दर्जासमोर मिळणारी सूट अशीच ठळक लिहिलेली असेल, तर अर्जदारांचे महिने वाचतील.

एक भेद मात्र दोन्ही देशांत आहे. विमानाचे रेटिंग वेगळे, हेलिकॉप्टरचे वेगळे. नाशिकरोडला भूदलाचे कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे भूदलाचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात आणि शिकवतातही. तिथल्या प्रशिक्षकाचा अनुभव नागरी हेलिकॉप्टर परवान्याकडे वळवता येतो. बारामतीच्या किंवा शिरपूरच्या सेस्नामध्ये शिकवायला तो पुरत नाही. हेलिकॉप्टरच्या नागरी शाळा देशात मोजक्या असल्याने या प्रशिक्षकांपैकी बहुतेक जण शिकवण्याऐवजी प्रवासी, तेलक्षेत्र किंवा रुग्णवाहिका सेवांकडे वळतात.

विमानांच्या बाजूलाही ओढ विमान कंपन्यांकडे असते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले. एवढे विद्यार्थी शिकवायला प्रशिक्षक लागतात, आणि तरुण नागरी प्रशिक्षक तास जमले की स्वतःच विमान कंपनीत जातो. ज्याला पेन्शन आहे आणि शिकवण्याची ओढ आहे, असा निवृत्त क्यूएफआय मात्र क्लबात टिकतो. २०२१ मध्ये डीजीसीएने नियम बदलून उड्डाणाला परवानगी देण्याचा अधिकार इतर प्रशिक्षकांनाही दिला. तोवर तो फक्त मुख्य आणि उपमुख्य फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे होता. मुख्य प्रशिक्षक जागेवर नाही म्हणून उभी राहणारी विमाने त्यामुळे हलू लागली. मुख्य प्रशिक्षकाच्या पदावर माजी वायुदल अधिकारी दिसतो, त्यामागे एक कारण आहे: शाळा चालवणे म्हणजे हवामान, विमाने, प्रशिक्षक आणि विद्यार्थी यांचे रोजचे वेळापत्रक बसवणे, आणि ते त्याने तळावर वर्षानुवर्षे केलेले असते.

रेटिंग हातात आल्यावरच्या कामाचे एक उदाहरण माहूरचेच घेता येईल. नांदेडहून ईशान्येला, साधारण चाळीस अंशांच्या दिशेने, माहूर हवाई मार्गाने सुमारे शंभर किलोमीटर. छोट्या विमानाला अर्धा तास पुरतो. दिशाज्ञानाच्या धड्यात प्रशिक्षक विद्यार्थ्याला आधी नकाशावर रेघ मारायला लावतो, वाऱ्याचा हिशेब करायला लावतो, आणि वाटेत ठरलेल्या मिनिटाला काय दिसले पाहिजे ते लिहून घेतो. पैनगंगेचे पात्र वाटेत आडवे येईल. ते कितव्या मिनिटाला? उन्हाळ्यात पात्र बारीक होते, तेव्हा पाण्यावर नव्हे तर काठच्या झाडीच्या रेघेवर विसंबायचे. मग सपाट काळ्या रानातून उठणारे डोंगर, रेणुकादेवीचा गड, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर, आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा नदीचे वळण. लढाऊ विमानातून हाच टप्पा दहा मिनिटांच्याही आत मागे पडतो आणि पडद्यावरचा नकाशा जागा सांगतो. इथे प्रशिक्षक पडदा झाकतो, हात मांडीवर ठेवतो आणि गप्प बसतो. विद्यार्थी तीन अंश उजवीकडे सरकला आहे हे त्याला पाचव्या मिनिटालाच कळलेले असते. तो नदी येईपर्यंत थांबतो. नदी चुकीच्या वळणावर भेटते, विद्यार्थी नकाशा फिरवून बघतो, घड्याळ बघतो, चूक स्वतः ओळखतो आणि दिशा दुरुस्त करतो. उतरल्यावर दोघे त्याच नकाशावर वाकून बसतात, पेन्सिलीने खरी वाट काढतात, आणि मग प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या लॉगबुकात त्या सॉर्टीचा वेळ लिहून खाली आपल्या नागरी रेटिंगचा क्रमांक आणि सही करतो.